पातळ तारेखालचे स्क्रू

घरात गिटार एकच आणि वाजवणारे दोघे. त्यातही ते दोघे म्हणजे सासरा आणि सून, त्यामुळे धड भांडायचीही सोय नव्हती.

गिटार खरी नवऱ्याची. कॉलेजात असताना हट्ट धरून घेतलेली, इलेक्ट्रिक, गडद लाल. नोकरी लागल्यावर त्याने ती भिंतीवर टांगली ती टांगलीच. सूनबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा काही दिवस तिने त्या गिटारीकडे नुसतं बघून घेतलं, आणि मग एका संध्याकाळी सरळ स्टूल लावून ती खाली काढली. माहेरी ती थोरल्या भावाच्या गिटारीवर शिकली होती. नवऱ्याने उदार होऊन सांगून टाकलं, "घे, आजपासून तुझी." वडिलांना हे सांगायला मात्र तो विसरला.

अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, सारी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना करमेना. आधी त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, मग शेजाऱ्यांच्या, आणि तेल द्यायला काही उरलं नाही तेव्हा त्यांची नजर गिटारीवर पडली. सून दुकानात कामाला गेली की दुपारी ते गिटार मांडीवर घेत आणि एकेका तारेवर जुन्या चाली शोधत बसत. जमायलाही लागल्या. संध्याकाळी सून येई आणि सहाही तारा एकदम छेडून स्वतःच्या गाण्याला साथ करी. दुपार त्यांची, संध्याकाळ तिची. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप ठरलं होतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्या वाजवत नसत, ऐकत असत, आणि तेही नाइलाजाने. त्यांनी अँपच्या, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, बटणापाशी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करून ठेवली होती. बटण त्या खुणेच्या पुढे गेलं की त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत, एक शब्द न बोलता प्लग उपटत आणि परत जात. त्यामुळे आवाज वाढवायचा तर तो बटणाने नाही, दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, हे दोघांनाही आपापलं कळून चुकलं होतं.

दुसरी वाट होती. गिटारीच्या तारांखाली एक लांबट काळी डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वर तार थरथरली की ही डबी ती थरथर टिपते आणि अँपकडे धाडते. डबीच्या दोन टोकांना दोन स्क्रू, त्यांनी ती अख्खी वरखाली होते. शिवाय मध्ये ओळीने सहा छोटे स्क्रू, प्रत्येक तारेखाली एक. स्क्रू तारेजवळ आणला की त्या तारेचा आवाज मोठा आणि तिखट, लांब नेला की हळू आणि मऊ.

सूनबाईला खटकत होती ती पातळ बाजूने दुसरी तार. सहाही तारा छेडल्या की बाकीच्या गुण्यागोविंदाने वाजत आणि ही एकटी गर्दीत पुढे घुसणाऱ्या माणसासारखी किंचाळे. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकाकानांवर फ्रेम नीट बसवायची हेच तिचं काम, त्यामुळे नखाएवढे स्क्रू आणि काडीएवढे स्क्रू-ड्रायव्हर हा तिच्या हातचा मळ. तिने एका संध्याकाळी पातळ तारांकडचं डबीचं टोक थोडं खाली घेतलं, दुसऱ्या तारेखालचा स्क्रू जरा आत फिरवला आणि तारा छेडल्या. काय सांगावं! साईसारखा मऊ आवाज आला. ती रात्री जेवतानाही मनातल्या मनात वाजवत होती.

पण दोन दिवसांनी तार पुन्हा किंचाळली.

'स्क्रू ढिले पडले असतील,' तिने मनाशी म्हटलं. चष्म्यांचे पडतातच. तिने पुन्हा खाली घेतले. आठवडा गेला न गेला, पुन्हा तेच. मग तिने दुकानात शिकलेली युक्ती केली. स्क्रू हवे तिथे आणले आणि हलू नयेत म्हणून डोक्यावर नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडला. काळ्या डबीवर काळं नेलपॉलिश, कोणाला दिसायचंही नाही. ती निर्धास्त झाली.

पुढच्या वेळी बघते तर स्क्रू वर, नेलपॉलिशचा पत्ता नाही आणि स्क्रूच्या खाचा अशा चेपलेल्या, जणू कोणी त्यावर पहारच चालवली होती. आता गंमत अशी, की घरात लिफ्टचे बोल्ट उघडण्याजोगे भलेदांडगे स्क्रू-ड्रायव्हर बाळगणारा माणूस एकच होता. तरी तिच्या मनाला तो विचार शिवला नाही. सासऱ्यांवर संशय घ्यायचा तिचा स्वभावच नव्हता. तिला वाटलं, आपलाच हात जड पडला असेल.

इकडे अप्पांचं वेगळंच दुखणं. त्यांना पहिल्या दोन पातळ तारा पुरेशा ऐकू येईनात. चाल वर चढली की हाताखालून सूर निसटून गेल्यासारखा वाटे. पिकअप वर घेतलं की बरं वाटे, आणि चार दिवसांनी पाहावं तर डबी पुन्हा खाली बसलेली. तारांच्या ताणाने ती दबते असा त्यांनी निष्कर्ष काढला. लिफ्टचे दोर ताणतात, तसंच काहीतरी. ते गुपचूप वर घेत राहिले. सुनेला कशाला सांगायचं, ती दमूनभागून येते, उगाच तिच्या डोक्याला ताप.

असे दोघेही एकमेकांची काळजी घेत एकाच स्क्रूला उलटसुलट फिरवत होते.

मग इमारतीचं संमेलन आलं. वर्षातून एकदा सगळी बिऱ्हाडं तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमत आणि ज्याला जे येतं ते तो करून दाखवी. दुसऱ्या मजल्यावरच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या काकू गाणार होत्या आणि त्यांना साथ सूनबाईची. त्यानंतर अप्पा एक जुनी चाल एकट्याने वाजवणार होते. माणसांपुढे त्यांची ही पहिलीच वेळ. आठवडाभर ते दाढी करतानासुद्धा तीच चाल गुणगुणत होते.

संमेलनाच्या दिवशी सकाळी सूनबाईने गिटार मांडीवर घेतली, सगळे स्क्रू निगुतीने लावले आणि काकूंच्या गाण्याची तालीम केली. काकू म्हणाल्या, "अगं, हा आवाज असाच राहू दे बाई. अगदी पाठीवर हात ठेवल्यासारखा आधार वाटतो."

दुपारी ती साडीला इस्त्री करत होती तेव्हा अप्पांनी गिटार घेतली. हॉल मोठा, माणसं पुष्कळ, आणि आपल्या पातळ तारा पहिल्या रांगेपर्यंत तरी पोहोचतील की नाही! त्यांनी ड्रायव्हर घेतला आणि या वेळी हात राखून काम केलं नाही. एकीकडचं टोक वर घेतलं, मग दुसरीकडचं का मागे ठेवा म्हणून तेही घेतलं, आणि मधले स्क्रू असे बाहेर काढले की तारा आणि त्यांच्यात जेमतेम कागद सरकावा.

संध्याकाळी काकूंनी डोळे मिटून आलाप घेतला आणि सूनबाईने पहिल्या तारा छेडल्या. आवाज डबक्यातल्या पाण्यासारखा हेलकावत होता. चुंबक इतकं जवळ आलं होतं की ते तारांनाच ओढत होतं, आणि सूर एका जागी ठरायला तयार नव्हता. काकू बिचाऱ्या त्या हेलकाव्यामागे जायला लागल्या. एक कडवं वर, एक कडवं खाली, असं करत गाणं कसंबसं काठाला लागलं.

"तुझी गिटार रडत होती का गं?" स्टेजवरून खाली उतरताना काकूंनी कुजबुजत विचारलं.

"काय झालं मला कळलंच नाही हो काकू," सूनबाई म्हणाली. तिचा चेहरा गिटारीइतकाच लाल झाला होता. स्क्रू बघायलाही सवड मिळाली नाही, कारण तोवर अप्पा इस्त्रीच्या शर्टात येऊन हात पुढे करून उभे होते.

अप्पा खुर्चीवर बसले, घसा साफ केला, जणू गायचंच होतं, आणि सुरू झाले. खालच्या सुरांवर ठीक होतं. पण चाल वर चढली, पातळ तारेवर त्यांनी गिटारीच्या दांडीवरच्या वरच्या पट्टीत बोट दाबलं, आणि तार खालच्या स्क्रूवर आपटून खट्ट असा आवाज झाला. मोठा, कोरडा. पुढचा सूर, पुन्हा खट्ट. पहिल्या रांगेत डुलक्या काढणारे एक आजोबा प्रत्येक खट्टला दचकून जागे होत, इकडेतिकडे बघत आणि पुन्हा पेंगत. मागच्या पोरांनी तोंडात रुमाल कोंबले.

सूनबाई अप्पांकडे बघत होती. आता ते थांबतील, कपाळाला आठ्या पडतील, निदान मान वर करून बघतील. पण कशाचं काय! अप्पा डोळे मिटून, मंद हसत, तल्लीन होऊन वाजवत होते. खट्ट झालं की त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती.

तिच्या दुकानात रोज अशी माणसं येत. वर्तमानपत्र हातभर लांब धरत आणि म्हणत, हल्ली छपाईच फिकट करतात. आपल्या डोळ्यांना काही झालं आहे हे त्यांच्या गावीही नसे. अप्पांचा तो हसरा चेहरा बघताना तिला ती माणसं आठवली, आणि तिचा स्वतःच्या फजितीचा राग कुठल्या कुठे पळाला.

टाळ्या भरपूर पडल्या. अप्पांना आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. सूनबाईही शेंगा घेऊन समोर बसली आणि हळूच म्हणाली, "आई, काल गिटारीचे स्क्रू..."

"अप्पांनी फिरवले," सासूबाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझेही माहीत आहेत. तू संध्याकाळी खाली करतेस, ते दुपारी वर करतात. नेलपॉलिश लावलंस तेव्हा त्यांनी तासभर खरवडलं आणि मला म्हणाले, कंपनीने काय चिवट रंग लावलाय!"

"आई! मग सांगितलं का नाही?"

"कशाला सांगू? तुम्ही दोघं मूग गिळून बसलात. मी कशाला मध्ये पडू? आणि खरं सांगू का, दुपारची माझी चांगली करमणूक होत होती." मग त्यांचा हात थांबला. "पण काल मला हसू नाही आलं. खट्ट त्यांना ऐकू आलं नाही, हो ना?"

"नाही आलं, आई."

"मला वाटायचं, मी हाक मारते तेव्हा मुद्दाम दुर्लक्ष करतात. तीस वर्षं केलंच आहे त्यांनी. त्यामुळे खरं कुठलं आणि सोंग कुठलं, कळायला मार्ग नाही."

तेवढ्यात अप्पा अंघोळ करून आले, कालच्या टाळ्यांनी अजून फुललेले. सूनबाईने गिटार आणून टेबलावर आडवी ठेवली, अँप लावला आणि म्हणाली, "अप्पा, मी तुमच्या नकळत हे स्क्रू खाली करत होते."

अप्पांचे कान लाल झाले. "म्हणजे ती आपोआप दबत नव्हती?"

"नव्हती."

"आणि मी मेला तारांचा ताण मोजत बसलो!" ते खो खो हसायला लागले. "अगं पोरी, मग सांगायचं नाही का? मीच चोरासारखा चढवत होतो."

"पण एवढं का चढवता, अप्पा?"

"पातळ तारा लाजतात गं. आवाजच काढत नाहीत."

सूनबाईने पातळ तारेवर वरच्या पट्टीत बोट दाबलं आणि तार छेडली. खट्ट.

"हे कसं वाटलं?"

"छान. गोड."

"आणि खट्ट?"

"कसलं खट्ट?"

"अहो, मी ओट्याशी असते तरी ऐकू आलं असतं," सासूबाई म्हणाल्या, पण एरवीच्या धारेने नाही.

अप्पांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग गिटार स्वतःकडे ओढली, त्याच जागी बोट दाबलं, दुसऱ्या हाताचं बोट स्क्रूपाशी टेकवलं आणि तार छेडली. एकदा, पुन्हा एकदा.

"लागतेय," ते सावकाश म्हणाले. "बोटाला कळतंय. कानाला नाही." थोडा वेळ त्यांनी बोट तिथेच ठेवलं. "लिफ्ट चौथ्या मजल्यावर असताना मी खालून सांगायचो, कुठलं चाक घासतंय ते. नुसत्या आवाजावरून. हाताखालची पोरं पैजा लावायची माझ्यावर."

सूनबाईने मटारचं भांडं उगाच सरळ केलं.

"तुझ्या दुकानाला लागून तो कान तपासणारा आहे ना?" अप्पाच म्हणाले. "उद्या तुझ्याबरोबर येतो. आणि तू अशी रडवेली होऊन बघू नकोस. लिफ्टचं चाक झिजलं तर आपण लिफ्टला नावं ठेवतो का? चाक बदलतो."

तपासणी झाली, आणि पुढच्या आठवड्यात शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं अप्पांच्या कानांत बसली. दुकानातून बाहेर पडले ते दहा पावलांवर थांबले. "माझ्या चपला एवढ्या वाजतात?" त्यांनी सूनबाईला विचारलं. घरी आल्यावर दिवाणखान्यात मध्येच उभे राहिले. "हे टिकटिक करणारं घड्याळ कधी आणलंत?"

"आपल्या लग्नात मिळालंय," सासूबाई म्हणाल्या आणि आत जाता जाता काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू आलं हं!" अप्पा ओरडले.

"झालं! म्हणजे आता स्वतःशी बोलायचीही चोरी."

चहा होताच अप्पांनी गिटार घेतली आणि पातळ तार छेडली. एकदम हात आखडता घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "अरे बापरे! ही तर टाचणी टोचल्यासारखी वाजते. कोणी चढवली एवढी?"

आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. अप्पांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती सवय मात्र यंत्राने गेली नव्हती.

मग सासरा आणि सून टेबलाशी समोरासमोर बसले. सूनबाईने दुकानातली मिलिमीटरची छोटी मोजपट्टी आणली होती. अप्पांनी जाड तार दांडीवरच्या शेवटच्या पट्टीत दाबून धरली, तिने तार आणि स्क्रू यांच्यामधलं अंतर मोजलं आणि डबीचं ते टोक खाली घेतलं. मग पातळ तार दाबली. तिकडचं टोक जाड तारेपेक्षा थोडं वर ठेवलं, कारण जाड तार मुळातच दांडगी. एवढं झाल्यावर तिने मोजपट्टी बाजूला ठेवली.

"बाकी कानाने," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी फिरवते."

ती एकेक तार सारख्या जोराने छेडत गेली आणि अप्पा मान तिरकी करून ऐकत गेले. "चौथी दबली. अर्धा फेरा वर. बस. आता दुसरी, ही बया फार बोलते. खाली घे, अजून. थांब, थांब!"

"अजून घेऊ या ना, अप्पा."

"नको. मग मेंगळट होईल."

"नाही होणार. तारा एकदम छेडल्या की तीच टोचते."

"तुझ्या छेडण्यात टोचते. मला तिच्यावरच चाल वाजवायची असते, तिला मुकी करून कसं चालेल?"

बराच वेळ हुज्जत चालली. तिने एक पाव फेरा खाली घेतला, त्यांनी त्यातला अर्धा परत मागितला, आणि शेवटी स्क्रू अशा जागी येऊन थांबला की दोघांनी तारा छेडल्या आणि दोघांनीही मान डोलावली. सहा तारा वाजल्या आणि त्यात कोणी पुढे नव्हतं, कोणी मागे नव्हतं. आवाज गोल, स्वच्छ, आणि लांबवर रेंगाळणारा. जवळ ओढणारं चुंबक दूर गेल्यामुळे तार आता हवी तेवढी थरथरत राहत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाई मुद्दाम काकूंना बोलवायला गेली. "संमेलनातलं गाणं पुन्हा म्हणा ना, काकू. त्या दिवशीचं माझ्या जिवाला लागून राहिलंय."

काकू आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि जरा साशंकपणेच सुरू झाल्या. पहिल्या ओळीनंतर मागे टेकल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले. गाणं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आज शहाण्यासारखी वागली हो तुझी गिटार."

"आता मी," अप्पांनी हात पुढे केला.

सूनबाईने गिटार त्यांच्या मांडीवर दिली आणि कप गोळा करायला उठली. अप्पांनी तीच चाल काढली. खालचे सूर झाले, मधले झाले, आणि बोट सरकत सरकत पातळ तारेच्या वरच्या टोकाला गेलं. सूर लागला. खट्ट नाही, हेलकावा नाही, थंडीत सकाळी नळाखाली हात धरावा तसा लख्ख. अप्पा तिथेच थांबले. त्यांनी तोच सूर पुन्हा वाजवला आणि तो विझेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. हातात कप घेऊन सूनबाई तशीच उभी राहिली.

त्यांनी तो तिसऱ्यांदा वाजवला.

"अहो, पुढे जा की," सासूबाई दारातून म्हणाल्या. "गाणं तिथेच अडकलंय."

"जातो गं," अप्पा म्हणाले. "घाई काय आहे?"